जहाजाचा निरोप समारंभ

बदलीचं रडगाणं घेऊन कुणी टेबलाशी आलं, की आमच्या तलासरीच्या कार्यालयातले सावे भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवून विचारत, “सायवनसारखं आडगाव मिळालं, एवढंच ना? आमच्या बाईंनी काय काय भोगलं, माहितीये?”

बाई म्हणजे सतराव्या शतकातलं इंग्रजांचं एक शिडाचं लढाऊ जहाज. रद्दीतल्या पुस्तकात त्यांना ते भेटलं आणि तेव्हापासून ते त्याला सरकारी नोकरच मानत. राजाने बाईंना नोकरीत घेतलं. पुढे लोकांनी राजाचंच डोकं उडवलं, तेव्हा जहाजाचं नाव बदललं. राजाचा मुलगा परतला, नाव पुन्हा बदललं. “साहेब बदलले, पाट्या बदलल्या, गळती तीच,” भाऊसाहेब सांगत. एकदा वारा पडला आणि बाई पोचेपर्यंत लढाई संपली. “पण गैरहजेरी लागत नाही. वारा हा वरिष्ठांकडचा विषय.”

म्हातारपणी तिच्यात दगड भरून तिला बंदराच्या भिंतीखाली पाया म्हणून बुडवलं. इथे आले की ते विचारत, “ना शाल, ना नारळ, ना साहेबांचे दोन शब्द. असं पाठवतात का कुणाला?”

स्वतःची निवृत्ती आली तेव्हा त्यांनी साहेबांना सांगून टाकलं, “समारंभ दोघांचा करा. नाहीतर माझाही नको.”

“जहाजाचा? नियमात बसत नाही हो.”

“करू नये, असा नियम दाखवा.”

साहेब नवीन होते. त्यांनी दोन खुर्च्या मांडायला सांगितल्या. रिकाम्या खुर्चीवर शाल पांघरली, नारळ ठेवला. साहेबांनी नेहमीचंच भाषण केलं: वादळं झेलली, डगमगल्या नाहीत, अनेकांना किनाऱ्याला लावलं. ते खुर्चीला इतकं चपखल बसलं की सगळ्यांनी तिकडे बघूनच टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनी तर सर्वांत जास्त.

निवृत्त माणसाला ऑफिसच्या जीपने घरी पोचवायची आमची पद्धत. भाऊसाहेबांचं घर डहाणूत. पण ते म्हणाले, “आधी बाईंना सोडू.” त्यामुळे शाल-नारळ घेऊन आम्ही धाकटी डहाणूच्या खाडीवर गेलो. तिथे होडीला टेकून एक म्हातारे कोळी तांडेल जाळं शिवत होते.

“कोन गेला?” त्यांनी विचारलं.

“गेलं नाही, रिटायर झालं. जहाज आहे,” भाऊसाहेब म्हणाले.

“कवा?”

“झाली तीनेकशे वर्षं.”

“मंग उशीर केलाव,” तांडेल म्हणाले आणि जाळं बाजूला ठेवून उठले.

भाऊसाहेबांनी नारळ पाण्यात सोडला. शालही सोडणार, तेवढ्यात तांडेलांनी त्यांचा हात धरला. “नारल बरोबर हाय. शाल कनाला भिजवतस? तुझ्या खांद्यावर कुठं काय हाय?”

आम्ही बघितलं. खरंच काही नव्हतं. निवृत्ती एकाचीच मंजूर, म्हणून शाल एकच आणली होती, आणि ती खुर्चीवर गेली. आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

तांडेलांनी शाल भाऊसाहेबांना पांघरली. ड्रायव्हरने जीपचं दार उघडलं, पण भाऊसाहेब चढेनात. “एवढ्यात घरी नको,” ते म्हणाले. “आमची ही गेल्यापासून तिथे कुणी नसतं.”

आम्ही तिथेच वाळूत बसलो. मी विचारलं, “भाऊसाहेब, तुमची पहिली नेमणूक कुठे होती?”

“हे मला कुणी विचारलंच नव्हतं,” असं म्हणून त्यांनी शालीच्या पदराने डोळे पुसले, आणि पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.