डोळ्यांनी ऐकणारे मामा

"माझ्याकडे बघान बोल," असं म्हणत शेजारचे मामा समोरच्याची हनुवटी दोन बोटांनी आपल्याकडे वळवत. समोर घरमालक असला तरी. तो चिडायचा, पण बोलायचा त्यांच्याकडे बघूनच.

घाटकोपरच्या चाळीत आमची खोली त्यांच्या खोलीला लागून होती. मामा गिरणीत मागावर होते. तिथे इतका खडखडाट, की कामगार एकमेकांचे ओठ वाचूनच बोलत. ही सवय मामांना इतकी जडली, की आपले कान कधी गेले ते त्यांना कळलंच नाही. सगळं समजतंय म्हणजे ऐकू येतंय, असं धरून ते चालले होते. मागून हातगाडीची धडक बसली, तेव्हा ओरडून घसा बसलेल्या गाडीवाल्यालाच त्यांनी मुका ठरवलं.

तुम्ही आमचा नळ पाहायला हवा होता. मामा गॅलरीत आले की सगळ्या बायका तोंडावर पदर घेत. नव्या माणसाला वाटे, काय मान आहे!

मामी गावाहून आल्या त्या मुलींची लग्नं उरकल्यावर. दोन शब्द बोलायचे तरी तव्यावरची भाकरी सोडून त्या मामांसमोर येऊन उभ्या राहत. भाकरी करपायची आणि मामा ती मुकाट्याने खायचे. मला त्या दोघांचा हेवा वाटे.

मग मामींना अर्धांगवायू झाला. तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं. आम्हाला ते कळत होतं. मामांना मात्र त्या ओठांवरचं अक्षर लागेना. सगळ्या चाळीचं बोलणं टिपणारा माणूस स्वतःच्या बायकोपुढे हताश बसून राही. सारखे आमच्या दाराशी येत. "ती काय म्हणता?" आम्ही सांगायचो, पाणी हवंय, कूस बदलायचीय.

एका दुपारी ते मामींच्या गळ्यावर तळवा ठेवून बसलेले दिसले. हाताखाली गळा थरथरत होता.

"बोलता हा," मला म्हणाले, "पण माझ्या कानात येना नाय. काय म्हणता?"

"माका घराक व्हरा," असं मामी म्हणत होत्या. गावच्या घरी न्या. मी मामांकडे तोंड करून सांगितलं. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं होतं, तरी मामा चपला घालून कोकणच्या बोटीची चौकशी करायला गेले. ते परतायच्या आत मामी गेल्या.

तेराव्यानंतर मामा आमच्याकडे येऊन बसले.

"तिचो आवाज कसो होतो रे?"

"गोड होता, मामा."

"लग्नात गोड होतो, ता माका म्हायत आसा. हयसर मुंबयत इल्यावर कसो होतो, ता सांग."

माझ्या ओठांकडे ते टक लावून बघत राहिले. तो आवाज मी रोज भिंतीपलीकडून ऐकला होता, तेव्हाही माझ्या कानात होता. पण ओठांवर आणून मामांना दाखवता येईना.