शिवणीत गेलेला पट्टा

शिवणबाईंनी भूगोल शिकवायला घेतला तेव्हा जगाचे नैसर्गिक प्रदेश किती हेही त्यांना ठाऊक नव्हते, असे त्यांचे माजी विद्यार्थी आजही छातीठोकपणे सांगतात. ते खरे मानण्याचे कारण नाही. आकडा त्यांना ठाऊक होता, फक्त त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पुढचे सगळे या अविश्वासातून घडले.

अठरा वर्षे त्या शाळेत शिवणकाम शिकवत होत्या. मग तो विषयच बंद झाला. यंत्रे कापडाने झाकून जिन्याखालच्या खोलीत गेली आणि बाईंना मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतले.

"नववीचे भूगोलाचे सर सोडून गेलेत. तास रिकामे आहेत. घेता का? नाही तर मला तुम्हाला मोकळं करावं लागेल."

"घेते."

"अहो, जरा विचार करून सांगा."

"केला की. तुम्ही 'नाही तर' म्हणालात तेव्हाच."

अट स्पष्ट होती. दुसऱ्या सत्रात पर्यवेक्षक एका तासाला येऊन बसतील. त्यांचा शेरा आणि वार्षिक निकाल पाहून बाईंना ठेवायचे की नाही ते ठरेल. पर्यवेक्षक स्वतः भूगोलाचे. स्थान, हवामान, वनस्पती, प्राणी, मानवी जीवन हा क्रम ते पाढ्यासारखा म्हणून घेत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली माणसे साठीतही तो झोपेत म्हणू शकतात.

घरी दोन खोल्या. खिडकीखाली शिलाई यंत्र, त्याशेजारी सासूबाईंची खाट. सासूबाईंची उभी हयात शर्टांच्या कारखान्यात कॉलर बसवण्यात गेली होती. शिवणीच्या बाबतीत त्या कोणाचीही भीड ठेवत नसत. नवरा दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर. जेवताना त्याने विचारले, "आता अख्खं जग शिकवणार म्हणे तू?"

"हो."

"आणि येतं का तुला?"

"येईल. तुला तरी पहिल्या दिवशी गोळ्यांची नावं कुठे वाचता येत होती?"

पहिला महिना बाईंनी पुस्तकाप्रमाणे शिकवले. तो महिना वाया गेला हे त्यांचेच मत. चाचणीचे पेपर तपासताना त्यांच्या ध्यानात आले की टुंड्रातले लोक काटक व कष्टाळू, वाळवंटातलेही काटक व कष्टाळू, डोंगराळ प्रदेशातलेही तसेच; विषुववृत्तावरचे तेवढे आळशी. मुलांचा दोष नव्हता, पुस्तकातच तसे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वाक्ये वर्गात एकापाठोपाठ एक वाचून दाखवली. मधल्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी, जिला सगळा वर्ग टाचणी म्हणे, उभी राहिली.

"मग बाई, नाजूक माणसं राहतात कुठे?"

"शिक्षकांच्या खोलीत," बाई म्हणाल्या. "बस खाली. पण प्रश्न बरोबर आहे तुझा."

त्या दिवशी त्यांनी पद्धत बदलली. "मला सगळं जग येत नाही," त्यांनी वर्गाला सांगून टाकले. "तुम्हालाही येत नाही. तेव्हा प्रत्येकानं एकेक प्रदेश सांभाळायचा, वर्षभर. तिथे आज ऊन आहे का बर्फ, शेतात काय उभं आहे, माणसं कशाच्या मागे लागलीत, हे त्यानं सांगायचं. मी विचारणार, आणि चूक निघाली की दोघांनी मिळून शोधायचं."

हजेरीही त्याच रीतीने होऊ लागली. नाव घेतले की 'हजर' म्हणायचे नाही.

"टुंड्रा, बाई. अजून सूर्य नाही."

"भूमध्य सागर. पाऊस सुरू झालाय, ऑलिव्ह उतरवतायत."

"मोसमी वारे. बाई, उद्या सांगतो."

"वारे उद्यावर ढकलता येत नाहीत, बाळा. उभा राहा."

शेजारच्या वर्गातून हसण्याबद्दल तक्रारी आल्या. मुख्याध्यापिकांनी त्या ऐकून घेतल्या आणि बाईंना दार लावून घ्यायला सांगितले.

प्रदेश सांभाळायचे तर त्यात उभे राहता आले पाहिजे, असे बाईंना वाटू लागले. सभागृहाचे जुने पडदे टाकून द्यायला काढले होते. जाड, मळखाऊ कापड. बाईंनी त्यातले दोन लांब पट्टे घेतले, जमिनीवर एकाखाली एक अंथरले आणि वर्गाने त्यावर जग आखले. अंटार्क्टिका खंड वगळला, म्हणून जोड विषुववृत्ताच्या जरा उत्तरेला आला; त्याच्या वरचा भाग वरच्या पट्ट्यावर, उरलेला खालच्यावर. रंगवायला तीन आठवडे गेले. रंग वाळल्यावर बाईंनी ते घरी नेले आणि दोन्ही पट्टे एकमेकांना जोडले. वर मुले चालणार, म्हणून दुहेरी, दुमडून घातलेली पक्की शिवण घातली आणि आतली जास्तीची कड कातरून टाकली.

सोमवारी बाके भिंतीला लागली. मुले अनवाणी आपापल्या प्रदेशात जाऊन उभी राहिली. टाचणी तेवढी मधोमध घुटमळत होती.

"काय गं?"

"बाई, माझा प्रदेश नाहीये."

तिच्याकडे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा होता, साहेल. वाळू संपून गवत सुरू होते तो. पुस्तकात त्याच्यावर जेमतेम दोन ओळी आहेत. कापडावर मात्र तो होता, चार बोटे रुंद, पिवळट हिरवा, तिने स्वतः रंगवलेला. आता तिची टाच वाळवंटात होती, चवडा गवतात, आणि मध्ये फक्त शिवण.

बाई खाली बसल्या आणि शिवणीवरून बोट फिरवत जगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. त्या अक्षांशावरचे सगळेच आवळले गेले होते. एका द्वीपसमूहाचा गळा दाबला गेला होता. समुद्रही आखडला होता, पण समुद्राच्या वतीने कोणी तक्रार केली नाही.

"शिवणीत गेला गं तुझा पट्टा," बाई म्हणाल्या. "मी कडेला कापडच सोडलं नाही."

मागून कोणीतरी म्हणाले, "तिला वाळवंटात घ्या ना, बाई. जागा पुष्कळ आहे."

"आणि तिथली माणसं कुठे घेऊ?" बाईंनी मागे न बघता विचारले. "गुरं? विहिरी? गेलेलं परत आणायचं. दुसऱ्याच्यात ढकलायचं नाही."

घरी सासूबाईंनी उलगडलेले कापड चष्मा लावून तपासले. "अठरा वर्षं पोरींना शिकवलंस, आधी कड सोडा, मग आखा. आणि स्वतः?"

"नकाशा काढत होते ना मी. शिवणकाम डोक्यातच नव्हतं."

"मग आता डोक्यात घे. केवढी पट्टी घालणार?"

या प्रश्नाचे उत्तर मिळेना. बाईंनी टाचणीला रुंदी शोधून आणायला सांगितले. तिने पाठ्यपुस्तक, भिंतीवरचा नकाशा आणि ग्रंथालयातला जाडजूड नकाशासंग्रह पाहिला, आणि तिन्हींत पट्ट्याची रुंदी वेगवेगळी निघाली. आधी बाईंना वाटले, पोरीने मोजण्यात घोळ घातला. त्यांनी स्वतः मोजून पाहिले, घोळ नव्हता. मग नकाशासंग्रहातली बारीक अक्षरे वाचताना कळले की तो नकाशा बऱ्या पावसाच्या वर्षांवरून काढलेला होता. पावसाने ओढ दिली की वाळवंट खाली सरकते, बरा झाला की गवत वर चढते. रेघ एका जागी नव्हतीच.

बाईंनी नवी पट्टी चांगली रुंद जोडली. तिच्यावर वरून वाळूच्या रंगाचा एक पदर सोडला, आणि तो अडकवायला पट्टीवर टिचबटणांच्या तीन रांगा लावल्या. पहिल्या रांगेत लावला की वाळवंट वर राही, शेवटच्या रांगेत ओढला की पट्टा जवळजवळ झाकून जाई. सासूबाईंनी बटणे ओढून पाहिली, आणि बऱ्याच दिवसांनी सुनेच्या कामाला नाव ठेवले नाही.

पर्यवेक्षक आले तेव्हा मागच्या बाकावर वही उघडून बसले. हजेरी त्यांनी निमूट ऐकली. मग स्वतःच उठून कापडाच्या कडेला आले. बूट काढले नाहीत, कापडावर पायही ठेवला नाही. टाचणीकडे बोट केले.

"सहारा वाळवंटाची दक्षिण सीमा दाखव."

"कोणत्या वर्षीची, सर?"

वर्गात खसखस पिकली. पर्यवेक्षकांच्या कपाळाला आठी पडली; त्यांना तो उद्धटपणा वाटला असावा. बाई मध्ये पडल्या नाहीत. फळ्यापाशी हात बांधून उभ्या राहिल्या. नोकरी जायची असेल तर याच घटकेला जाणार, हे त्यांना कळत होते. पण मुलीच्या तोंडचे उत्तर आपण काढून घेतले तर वर्षभर केले काय, हेही.

टाचणी गुडघ्यांवर बसली आणि तिने बटणे टकटक सोडली. "बऱ्या पावसाच्या वर्षी इथे, सर. सलग दुष्काळ पडला की इथे. गुरं घेऊन माणसं त्याप्रमाणे खाली जातात, पाऊस आला की वर येतात. ती काटक आहेत की नाहीत ते मला माहीत नाही. पण हिशेबी आहेत. कुठल्या विहिरीवर कधी पोचायचं हे त्यांना ठरवावं लागतं."

"परीक्षेत काय लिहिशील? तिथे बटणं चालत नाहीत."

"पुस्तकातलं लिहीन, सर. आणि खाली एक ओळ जास्तीची."

"त्या ओळीला गुण नाही मिळणार."

"माहीत आहे, सर."

तास संपल्यावर पर्यवेक्षकांनी बाईंना व्हरांड्यात गाठले. "बाई, प्रदेश म्हटला की सीमा आली. सीमाच हलवली तर विषय हलतो."

"तो हलतोच आहे, सर. मी नुसती बटणं लावलीत."

"मला तसं लिहावं लागेल."

"लिहा. पण मुलीनं सांगितलं त्यात चूक काय, तेही लिहा. पुस्तकात नाही, ही चूक होत नाही."

पर्यवेक्षक तडक बाईंवर उखडून गेले अशी एक कथा आहे, आणि त्यांनी बाईंची माफी मागितली अशी दुसरी. दोन्ही बहुधा नंतर रचलेल्या. ग्रंथपालांना आठवते ते एवढेच की ती दुपार पर्यवेक्षकांनी नकाशासंग्रह पुढे घेऊन काढली आणि बारीक अक्षरांसाठी भिंग मागून घेतले. त्यांचा शेरा दोन वाक्यांचा आहे: 'अध्यापन पाठ्यपुस्तकाबाहेर जाते. आशयात चूक आढळली नाही.'

वार्षिक निकालाबद्दलही दंतकथाच जास्त. तो वर्ग पहिला आला नाही. चार तुकड्यांत तिसरा आला, आणि एक मुलगा नापास झाला; स्टेपी गवताळ प्रदेश सांभाळणारा.

मुख्याध्यापिकांनी निकाल आणि शेरा दोन्ही पुढ्यात ठेवले. "एक म्हणतो बाहेर जाता, दुसरा म्हणतो तिसऱ्या आलात. मी काय ठरवावं, तुम्हीच सांगा."

"ते तुमचं काम आहे, मोठ्या बाई. स्टेपीची फेरपरीक्षा सुट्टी संपताना आहे. तो रोज सकाळी येणार आहे, मी कबूल केलंय त्याच्या आईला. मला वर्गाची किल्ली हवी."

"आणि मी तुम्हाला ठेवलंच नाही तर?"

"तरी फेरपरीक्षा आहेच ना."

मुख्याध्यापिकांनी खणातून किल्ली काढली, आणि पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकाचा कागद ओढून नववीच्या भूगोलापुढे बाईंचे नाव लिहिले.

"दहावीचेही दोन तास रिकामे आहेत," त्या म्हणाल्या. "लोकसंख्या. घेता का? या वेळी विचार करून सांगा."

"स्टेपी पास होऊ दे, मग सांगते," बाई म्हणाल्या, आणि किल्ली घेऊन वर्गाकडे गेल्या.