वडिलांची सही

माझ्या साहेबाला ऑफिसात सगळे 'ग्रीक' म्हणत आणि तो दर वेळी दुरुस्ती करी, "ग्रीक खरा, पण सायप्रसचा." हा फरक समजून घ्यायला कुणाला सवड नव्हती. कुवेतमधल्या मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत टाक्यांचं आणि पाइपांचं काम घेणारी आमची कंत्राटदार कंपनी. वेल्डर बिहारचे, फोरमन केरळचे, सुतार आणि फॅब्रिकेटर बरेचसे कोकणातले. साहेब गोरा आहे आणि तापट आहे, एवढी माहिती त्यांना पुरत असे. मला मात्र फरक कळला, आणि तो कळण्याइतके आपण शहाणे आहोत याचा अभिमानही वाटला. मी बेळगावजवळच्या खेड्यातला. 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात संपत नाही, याची मला लहानपणापासून सवय आहे.

साहेबाचं गाव सायप्रसच्या उत्तर भागात होतं. चौऱ्याहत्तर साली तुर्कस्तानचं सैन्य उतरलं तेव्हा तो विशीचा होता. आई आणि तो नेसत्या कपड्यांनिशी दक्षिणेला पळाले, मध्ये रेषा पडली आणि गाव पलीकडं राहिलं. वडील त्याआधीच वारलेले. त्यांची कबरही पलीकडं राहिली. पुढं पलीकडच्यांनी आपला वेगळा देश जाहीर केला. एका तुर्कस्तानाखेरीज जगात कुणी तो मानला नाही. साहेब तर त्याचं नावही तोंडातून काढत नसे, 'तो भाग' म्हणे.

त्याचा अर्धा राग तुर्कांवर होता आणि अर्धा अथेन्सवर. अथेन्सचा पेपर त्याला दोन-तीन दिवस शिळा मिळायचा आणि तो जेवणाच्या सुट्टीत आम्हाला वाचून दाखवायचा. नव्व्याण्णव साली आधी तुर्कस्तानात भूकंप झाला, मग अथेन्सला. दोन्ही देशांनी एकमेकांकडं मदतीची पथकं पाठवली आणि त्यांचे मंत्री गळ्यात गळा घालून फोटो काढायला लागले. साहेबाने पेपर टेबलावर आपटला. "आता हे दोघं भाऊ होणार, आणि आमचं गाव आहेरात देणार!" आमचा स्टोअरकीपर दापोलीकडचा म्हातारा मुसलमान होता, सगळे त्याला चाचा म्हणत. त्याने एकदा शुवैख बंदरातून आलेल्या तुर्की मालाच्या खोक्यांवरचं देशाचं नाव काळ्या रंगाने पुसून टाकलं होतं. साहेबाने ते पाहिलं, त्याला समजलं, पण बोलला काही नाही. कारण माल चांगला होता आणि काम अडलं होतं.

माझ्या वडिलांची गोष्ट मी साहेबाला कधी सांगितली, ते वर्ष आठवत नाही. प्रसंग आठवतो. मी तेव्हा साधा टाइमकीपर होतो. कसला तरी फॉर्म भरताना साहेबाने विचारलं, तुझं राज्य कोणतं? मी म्हणालो, कागदावर कर्नाटक. तो थांबला. "कागदावर म्हणजे?"

मग मी सांगितलं. भाषावार राज्यं झाली तेव्हा आमची मराठी गावं पलीकडच्या राज्यात गेली. माझे वडील सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, ते दंडाला काळी फीत बांधत. पत्त्यावर त्यांनी जन्मात कधी कर्नाटक लिहिलं नाही. गाव, तालुका, पिन कोड आणि बस्स. कानडीतल्या कागदावर सही करायची नाही, हा त्यांचा नेम. विजेचं बिल भरत, पण पावतीच्या मागं मराठीत 'नाइलाजाने भरले' असं लिहून ठेवत. अशा पावत्यांची चळत आमच्या घरी होती.

साहेब खुर्चीतून उठला आणि त्याने माझा हात हातात घेतला. कुवेतमधल्या इतक्या वर्षांत कुणी साहेब माझ्यासाठी उठून उभा राहिल्याचं हे एकच उदाहरण. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढं महिन्याभरात मी टाइमकीपरचा अ‍ॅडमिन झालो, सगळ्या कामगारांचे पासपोर्ट ठेवायचं कपाट माझ्या ताब्यात आलं आणि नवा इंजिनीयर आला की साहेब माझी ओळख करून देताना म्हणू लागला, "याचे वडील म्हणजे खरा माणूस. कधी वाकले नाहीत."

गोष्टीचा पुढचा अर्धा भाग मी सांगितला नव्हता. तो असा: मी कॉलेजात असताना आईच्या पोटात गाठ निघाली. सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. खिडकीवरच्या कारकुनाने संमतीचा कागद पुढं केला, अथपासून इतिपर्यंत कानडी. मी वडिलांकडं पाहिलं. मला वाटलं आता भांडण होणार, मराठी कागद आणा म्हणून. वडिलांनी विचारलं, "सही कुठं करू?" आणि केली. वाचलासुद्धा नाही. राज्याचं नाव लिहायची जागा होती, तीही भरली. मला त्यांची लाज वाटली. घरी येताना मी तसं बोललो, तर ते म्हणाले, "तुझी आई आत होती की रे. महाराष्ट्र कुठं पळून जातोय? थांबंल." आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. वडिलांनी त्या सहीबद्दल कधी कुणाकडं खंत केली नाही आणि पुढच्या नोव्हेंबरला पुन्हा फीत बांधली.

हे सांगितलं असतं तर साहेब खुर्चीत परत बसला असता, असं मला वाटलं. म्हणून नाही सांगितलं.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये शेजारी लढाई सुरू झाली. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या लावल्या, सायरन वाजला की सगळे कॅम्पातल्या एका खोलीत जमू लागले. कामगारांना घरी जायचं होतं. एरवी पासपोर्ट हवा असला तर कारण लिहून अर्ज करावा लागे, आणि साहेब कारणांची उलटतपासणी घेई. त्या आठवड्यात त्याने सगळे अर्ज गठ्ठ्यानं मागवले आणि न वाचता सह्या ठोकल्या. "घरी जायला कारण कशाला लागतं?" असं तो म्हणाला. हे वाक्य मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं. तो स्वतः मात्र गेला नाही, मीही नाही.

लढाई ओसरते ना ओसरते तोच एप्रिलमध्ये सायप्रसमधून बातमी आली. मधली रेषा उघडली. एकोणतीस वर्षांनी माणसं पलीकडं जाऊ शकत होती. अट एवढीच, की नाक्यावर पासपोर्ट दाखवायचा, एक छोटा फॉर्म भरायचा आणि त्या फॉर्मवर पलीकडच्यांचा शिक्का मारून घ्यायचा. हजारो लोक रांगा लावून आपापली घरं पाहून येत होते.

साहेबाची आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तरुणपणी ब्रिटिशांच्या तळावर कपडे धुवायला असल्यामुळं तिला मोडकंतोडकं इंग्रजी येत असे. मोबाइल आले तरी ती दर गुरुवारी ऑफिसच्या फोनवरच बोलायची, कारण तो नंबर तिला पाठ होता. फोन मी उचलायचो. "इंडियन? तुझी लढाई कशी आहे?" असं ती विचारायची. लढाई माझी नव्हती, पण मी 'बरी आहे' म्हणायचो.

तिला एकच गोष्ट हवी होती. नवऱ्याच्या कबरीवर दिवा लावायचा. घर राहिलं असेल की पडलं असेल, कोण राहत असेल, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. शेजारी त्यांच्या गाडीतून न्यायला तयार होते. ती म्हणायची, त्याला वाटेल एकटी आली, मुलगा कुठं गेला? मुलाबरोबरच जाईन.

आणि मुलगा तयार नव्हता. केबिनचं दार बंद असलं तरी त्याचा आवाज बाहेर येई. ग्रीक मला कळत नव्हतं, पण फोन ठेवून तो बाहेर आला की तेच इंग्रजीत सांगे: "माझ्याच गावात जायला मी पासपोर्ट दाखवू? एकदा शिक्का मारून घेतला की मी तो देश मान्य केला. असे लाख शिक्के झाले की अथेन्स आणि सगळा युरोप म्हणेल, बघा, लोकांनीच मानलं."

मला ते पटत होतं. आजही त्यातलं तर्काचं काही चुकलं होतं असं मी म्हणणार नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी साहेब साइटवर होता आणि फोन आला. म्हातारी म्हणाली, "तो नसेल तर बरं. मला तुझ्याशीच बोलायचंय. तुझे वडील जिवंत आहेत?"

"आहेत."

"मी म्हटलं चल, की तो तुझ्या वडिलांचं सांगतो. इंडियाचा एक म्हातारा आहे, आयुष्यभर वाकला नाही, मग मी का वाकू? दर वेळी तेच. मी त्यांना ओळखत नाही. फार चांगले असतील. पण तू त्याला सांग ना काहीतरी. तुझं तो ऐकेल."

मी बघतो म्हणालो. घरच्या अंगणात बसून माळव्याला पाणी घालणारा माझा बाप, आणि त्याच्या नावावर तिकडं कुठल्याशा बेटावर एका म्हातारीचा रस्ता अडला होता.

मी स्टोअरमध्ये जाऊन चाचाला सगळं सांगितलं, दवाखान्यातल्या सहीसकट. चाचा नट-बोल्ट मोजत होता. तो म्हणाला, "मग सांग ना त्याला. इचार कसला करतंस? म्हतारीला दिवा लावायचा हाय, राज्य नाय करायचा." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "तुला साहेबाची फिकीर नाय रे. तुला तुझी पडलीय."

चाचाचं बरोबर होतं. दुसऱ्या शनिवारी मी ठरवून केबिनमध्ये गेलो. आत एक नवा लेबनानी इंजिनीयर बसलेला. मला पाहताच साहेबाने त्याला माझ्या वडिलांची गोष्ट सुरू केली. तुरुंग, काळी फीत, विजेच्या पावत्या. माझ्यापेक्षा रंगवून सांगितली. इंजिनीयरने मान झुकवून माझ्याकडं पाहिलं. मी हसलो, पासपोर्टच्या अर्जांवर सह्या घेतल्या आणि बाहेर आलो.

त्यानंतर वर्षभर मी रोज सांगू शकलो असतो. मी उद्यावर ढकलत राहिलो. पुढच्या एप्रिलमध्ये बेट एक करायची एक योजना आली, दोन्हीकडं मतदान झालं. साहेब खास विमानाने जाऊन 'नाही' म्हणून मत देऊन आला. दक्षिणेकडच्या बहुतेकांनी तेच केलं होतं. तीन दिवस तो आईच्या घरी राहिला. नाका गाडीने अर्ध्या तासावर होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. परत आल्यावर पहिल्याच गुरुवारी म्हातारीचा फोन आला. मी उचलला, ती 'इंडियन?' म्हणाली आणि पुढं काहीच न विचारता म्हणाली, त्याला दे. मला फार वाईट वाटलं. तिनं मला पुन्हा कधी काही सांगायला सांगितलं नाही.

थंडी सुरू व्हायच्या आत ती गेली. साहेब सव्वा महिना तिकडं होता. त्यांच्यात चाळिसाव्या दिवसाचा विधी असतो. परतला तेव्हा दाढी वाढलेली, कॉलर सैल. सगळे भेटून गेल्यावर त्याने मला बोलावलं आणि बसायला सांगितलं. एरवी मी उभाच असायचो.

"मी जाऊन आलो," तो म्हणाला. "पलीकडं. चाळिसावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी."

"खिडकीतल्या पोराने वर पाहिलंसुद्धा नाही. शिक्का मारला, कागद सरकवला. दोन मिनिटं लागली. दोन मिनिटं! कबर शोधायला मात्र तीन तास लागले. दगड फुटलेत, नावं नाहीत. तिला माहीत होती जागा. मला वडील आठवतात, पण जागा नाही आठवली. शेवटी एका ठिकाणी दिवा लावला. तिथंच होते का ते मला माहीत नाही."

बाहेर क्रेन चालू होती. तो बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. मग त्याने माझ्याकडं पाहिलं.

"एक विचारू? तुझे वडील. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही सही केली नाही?"

मी तोंड उघडलं. आईची गाठ, ती खिडकी, तो कारकून, सगळं जिभेवर आलं होतं. आता खरं सांगितलं तर या माणसाच्या हातात काय उरेल, असा विचार मी केला, असं मला पुढं कित्येक वर्षं वाटत राहिलं. ते तितकंसं खरं नाही. हे दीड वर्षापूर्वी का नाही सांगितलंस, असं तो विचारेल, याची मला भीती वाटली.

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही."

"चांगलं आहे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. "निदान एकाला तरी जमलं."