परातीतला बांध

जमुनाबाई जासईच्या शाळेत सातवीला शिकवायला लागल्या आणि गावातली भांडीकुंडी शाळेच्या वाटेला लागली. आज कुणाचं सूप, उद्या कुणाची चाळण, परवा कुणाच्या विहिरीचा दोर. पोरं पाढे विसरतील, पण बाईंनी घरून काय आणायला सांगितलंय ते विसरतील तर शपथ! बायका पाण्यावर भेटल्या की आपापल्या वस्तूंची चौकशी करत.

बाई परक्या नव्हत्या. बांधावरच्या धर्मा घरतांची ही थोरली लेक, दिलेलीही गावातच. पोरीला सातवीच्या फायनल परीक्षेपर्यंत शिकवली म्हणून धर्माला त्या काळात लोकांनी कमी बोल लावले नव्हते, आणि त्यानं ते कानाआड केले होते. पुस्तकातल्या वाफेच्या इंजिनाचं चित्र बघून पोरांना काय कपाळ कळणार, असा बाईंचा रोकडा सवाल होता. त्यांनी शाळेच्या पडवीत चूल मांडून भाताचं पातेलं चढवलं, झाकणावर दगड ठेवला आणि वाफेनं दगडासकट झाकण थडथडलं तेव्हा पोरांना म्हणाल्या, "हे इंजिन. आता चित्र बघा." असा त्यांचा तास चाले.

मग कप्पीच्या प्रयोगात गावातल्या सुमित्राबाईंचा तांब्याचा हंडा विहिरीत गेला. दोन कप्प्या लावल्या की जड हंडाही हलका लागतो हे पोरांना पटलं होतं, फक्त गाठ कच्ची बसली होती. हंडा गळ टाकून काढला, पण त्याचा पोचा निघेना आणि सुमित्राबाईंचं तोंड थांबेना. प्रकरण पंचांपुढे गेलं. पंचांत मुख्य धर्मा.

"बाबा, तुमीसुदा?" जमुनाबाईंनी विचारलं.

"मी हितं पंच हाय, जमना. बाप घरात," धर्मा म्हणाला. "आयतवारी गावासमोर एक परयोग कर. पोरांना त्यातून कायतरी येतं आसं दिसलं तर तुजा तास चालू. नाय तर सोमवारपासून पुस्तक उगडायचं नि पुस्तकच शिकवायचं."

बाईंना रात्रंदिवस तेच लागून राहिलं. पुस्तक वाचून दाखवायला त्या मास्तरीण झाल्या नव्हत्या. आणि प्रयोग तरी कुठला निवडावा? त्यांनी निवडला बांध! ज्या गावाची सगळी भातशेती खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर जगते, त्या गावाला बांध करून दाखवायचा, म्हणजे धाडसच. बांधात एक उघाडी असते, पाण्याचं दार. भरती आली की ते मिटतं, ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडतं. ते दार आपलं आपण कसं उघडमिट करतं, हे पोरांनी स्वतः बांधून शोधायचं होतं.

आयतवारी पडवीत जेवणावळीची मोठी परात मांडली. मधोमध खाडीकाठच्या खाजणातल्या चिकट मातीचा बांध, एका अंगाला भाताची इवली रोपं, दुसऱ्या अंगाला खाडी. वर्गातल्या कमळीनं तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं दार कापून वरून सुतळीनं टांगलं होतं. बाईंची नजर त्यावर गेली. दार शेताच्या बाजूला लावलं होतं. साफ उलटं! त्यांचा हात पुढे झाला. एवढंसं तर काम होतं, कुणाला कळलंही नसतं. पण मग तो बांध पोरांचा राहिला नसता. त्यांनी हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "कान्हा, भरती येऊ दे."

कान्हानं निळीचं पाणी ओतलं. पाण्यानं दार ढकललं, दार आत उघडलं आणि निळी खाडी रोपांवर पसरली. पडवीत हशा पिकला. सुमित्राबाई तर डोळे पुसपुसून हसल्या. धर्माला मात्र राहवेना. उभा जन्म उघाडीवर काढलेला माणूस, तो बाह्या सारून उठला.

"बाबा, हात नका लावू," जमुनाबाई म्हणाल्या. शब्द पक्का होता. "पोरांचा हाय तो."

धर्मा खाली बसला. पोरांची जुंपली. कान्हाचं म्हणणं, बांध उंच करू. कुणी म्हणालं, दार जाड करू. कमळी मात्र बोटानं दार पुढेमागे हलवत बसली होती. एकदम ओरडली, "बाई, आमी घराचं दार लावतात तसं लावलं! आत उगडनारं! पन पानी काय पावना हाय, त्याला आत घ्यायला?"

तिनं सुतळी तोडली आणि दार खाडीच्या अंगाला टांगलं. पुन्हा भरती आली. पाणी जसं चढलं तसं दार बांधाला चिकटलं, थेंब आत येईना. मग तांब्यानं खाडी उपसली, शेतावर पाऊस पाडला, आणि दार आपसूक उचललं जाऊन पाणी खळखळ बाहेर गेलं. आता कुणी हसत नव्हतं. सुमित्राबाई पुढे सरकून वाकून बघत होत्या.

धर्मा उठला. त्या गावात दरसाल बांधाची डागडुजी घराघरांत वाटून दिलेली असे. ज्या घराला बांधाचा तुकडा नाही, ते घर गावाचं धरत नसत.

"उघाडीला लागून जो तुकडा हाय," धर्मा पंचांकडे वळून म्हणाला, "तो यंदापासून सातवीच्या वर्गाचा. शाळा आता गावातलं घर."

पंचांनी माना डोलावल्या. जमुनाबाईंना अभिमानानं भरून आलं, पोरांच्या आणि बापाच्याही. त्या काही बोलणार तोच कमळीनं धर्मासमोर जाऊन कमरेवर हात ठेवले. "आजा, कुठून कुठपर्यंत, ते दाखव."

"चल गो, दाखवतो," म्हणत धर्मा निघाला. मागे अख्खा वर्ग चिखलाच्या हातांनी धावला, आणि वर्गाच्या मागे, पदर खोचून, बाई.