कॉस्मसच्या डोळ्यांतून गेलेला लाल

मरोळ गावठाणात कॉस्मस परेराचा फोटो स्टुडिओ होता. बाप्तिस्मा असो, लग्न असो की मयत, लोक त्यालाच बोलवायचे. बाकीचे स्टुडिओवाले रंगीत फिल्म लॅबला धाडत. हा मागच्या अंधाऱ्या खोलीत स्वतः धुवायचा, स्वतः प्रिंट काढायचा. नवरीच्या गालावर जराशी पिवळट झाक आली तरी प्रिंट फाडून टाकायचा.

आकाशाचा नाद त्याला भाऊरावांनी लावला. भाऊराव घाटकोपरच्या एका शाळेत कारकून होते, घरी दुर्बीण बाळगून. त्यांनी मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवला, तेव्हा कॉस्मसला नुसता करडा धूर दिसला.

"डोळ्याला एवढंच दिसतं," भाऊराव म्हणाले. "फिल्मला मात्र त्यातला लाल दिसतो."

झालं. कॉस्मसने दोन फळ्या बिजागरीने जोडल्या आणि खाली एक लांब स्क्रू बसवला. वरच्या फळीवर कॅमेरा, कितीतरी मिनिटं उघडा ठेवलेला. पृथ्वी फिरेल त्या गतीने स्क्रू हाताने फिरवत राहायचा, म्हणजे तारे फिल्मवर रेघोट्या न होता टिंबं राहतात.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर त्याचा खोकला हटेना. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या फेब्रुवारीत मृग संध्याकाळीच डोक्यावर यायला लागलं, तसा तो गोराईच्या किनाऱ्यावर जायला निघाला.

"डॉक्टरनं काय सांगितलं रे तुला?" बायको कॉन्सेप्टा दारात आडवी उभी राहिली.

"आराम कर म्हणाला. तिथे बसूनच तर राहायचंय."

वाळूत बसून तो स्क्रू फिरवायचा, आणि खोकला आला की सगळं हलायचं. प्रत्येक उबळीसरशी ताऱ्यांना शेपट्या फुटायच्या. पुष्कळ फिल्म वाया गेल्या. एक फ्रेम तेवढी नीट आली.

त्याच सुमारास एका लग्नाचे फोटो परत आले. नवरीच्या आईने पाकीट काउंटरवर आपटलं. "माझ्या पोरीचा चेहरा बघा! कावीळ झाल्यासारखी दिसते."

कॉस्मसने फोटो उजेडात धरले. त्याला त्यात खोट दिसेना. केमिकल जुनं झालं असेल, असं म्हणून त्याने नवीन कालवलं. डॉक्टरकडे दर महिन्याला जात होता, पण हे बोलला नाही. बोलण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटलं नाही.

मग रंग ठरवणारे फिल्टर बदलत, लाल आला असं वाटेपर्यंत त्याने तेजोमेघाची प्रिंट काढली. ओलीच घेऊन स्वयंपाकघरात आला.

"बघ, कसा लालभडक आलाय!"

कॉन्सेप्टाने हात पुसले. प्रिंटकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "लाल कुठाय? हे शेवाळ दिसतंय, कॉस्मस."

तो हसला. ती हसत नाही हे बघून थांबला. तिने शेल्फवरची लालजर्द मसाल्याची बाटली उचलून त्याच्यासमोर धरली. "याचा रंग सांग."

"मातकट," तो म्हणाला, आणि खाली बसला.

डॉक्टरने त्या गोळ्यांतली एक ताबडतोब बंद केली. क्वचित कुणाच्या डोळ्यांच्या नसेला बाधते ती, म्हणाला. आधी रंग जातात.

"परत येतील ना?"

"बऱ्याच जणांचे येतात. तुम्ही लवकर सांगायला हवं होतं."

छाती बरी झाली. लाल काही परतला नाही. लग्नांची कामं दुसऱ्या स्टुडिओकडे गेली. कॉस्मस पासपोर्टचे काळे-पांढरे फोटो काढू लागला. घरात कमी बोलायचा.

तेजोमेघाची निगेटिव्ह कॉन्सेप्टानेच बाहेर काढली. "तू फिल्टर बदल. मी बघते."

महिनाभर दोघं मागच्या खोलीत भांडत होती. तिला छटांची नावं येत नव्हती, त्याला तिचं म्हणणं पटत नव्हतं. "जरासा लाल म्हणजे किती?" तो ओरडायचा. एकदा ती रडत बाहेर गेली आणि तोंड धुऊन परत आली. शेवटी एक प्रिंट तिने हातातून खाली ठेवलीच नाही.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"झाला," ती म्हणाली. "कडेला गुलाबी आहे. आत असा... जीव असल्यासारखा लाल."

त्याने ती प्रिंट खिडकीशी नेली आणि बराच वेळ वाकडीतिकडी करून पाहिली. मग तिच्या हातात परत दिली.

भाऊरावांनी ती शाळेच्या प्रदर्शनात लावली. लोक पुढ्यात थांबत होते. एक बाई कॉस्मसला म्हणाल्या, "काय सुंदर रंग आलाय हो!"

"माझ्या बायकोला विचारा," तो म्हणाला आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. कॉन्सेप्टा त्याच्या मागोमाग गेली आणि शेजारी बसली.

गोराईला तो पुन्हा कधी गेला नाही. भाऊराव दर हिवाळ्यात विचारायला यायचे, चहा घ्यायचे आणि एकटेच जायचे.