मुंशीजींची छाटणी

माय विड्या वळायची, तेव्हा आमची चूल पेटायची. गोंदियाच्या कारखान्यात तिच्या विड्या मुंशीजी तपासत. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ते सैल विडी ओळखून बाजूला टाकत. याला छाटणी म्हणत.

मी बी.ए. होऊन आलो त्या वर्षी मालकाने म्हातारी माणसे काढायला सुरुवात केली. मुंशीजी घाबरले. पांढऱ्या केसांना काळा खिजाब लागला. कलकत्त्याहून सुरकुत्या घालवणारा रबरी रूळ टपालाने आला. त्याचा इंग्रजी कागद घेऊन ते माझ्याकडे आले.

"शिकला ना गा तू? वाच, किती दिवसांत चेहरा तरणा होते?"

"तीस लिहिले आहेत. पण मुंशीजी, पैसे वाया गेले."

"वाया काऊन? माह्या छाटणीले आठच दिवस राहिले, तीस दिवसांचा रूळ आठात फिरवतो!"

आठ दिवस रूळ फिरवून त्यांचे गाल सोलवटले. मालक ते पाहून हसला.

"मुंशीजी, बीडी गाल से छाँटते हो क्या?"

त्याने विड्यांचा ढीग पुढे सारला. मुंशीजींनी डोळे मिटले. बोटे ढिगातून फिरली; एकही सैल विडी सुटली नाही.

रूळ त्यांनी मायला दिला. ती त्याने तेंदूची ओली पाने सपाट करायची. मुंशीजींची नोकरी टिकली.