खरं नको, बरोबर लिही

मी बारावीला इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणजे खरं तर उतारे सोडवून घेते. सोलापुरात या कामात माझं थोडंफार नाव आहे, आणि ते मी फुकट मिळवलेलं नाही. जून लागला की वर्गात माझी टकळी सुरू होते. आधी प्रश्न वाचा, मग उतारा वाचा. उत्तर उताऱ्यात असतं, स्वतःच्या डोक्यात शोधू नका. तुमचं मत कुणी विचारलेलं नाही.

मत विचारणारा प्रश्न एकच असतो, पर्सनल रिस्पॉन्स. म्हणजे उताऱ्याच्या विषयावर तुमचा स्वतःचा अनुभव चार ओळींत लिहायचा. दोन मार्क. पोरं नेमकी तिथं अडतात. "मॅडम, आमच्या घरी असलं काही झालंच नाही." मग मी त्यांना मंत्र द्यायचे, "तपासणारा तुमच्या घरी चौकशीला येणार आहे का? खरं लिहू नका, बरोबर लिहा." पोरं हुशार. दर आठवड्याला कुणी ना कुणी आपल्या धडधाकट आजोबांना मारायचं, कुणी स्वतःला मोठा आजार लावून घ्यायचं, कुणी अनाथाश्रमात जाऊन वाढदिवस साजरा करायचं. मी काळ तपासायचे, क्रियापद तपासायचे आणि दोन मार्क देऊन पान उलटायचे.

आईलाही मी हेच शिकवलं.

आई होटगीजवळच्या एका गावात अंगणवाडीत मदतनीस होती. वडील रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर होटगीच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि मी इथं सोलापुरात सात रस्त्याजवळ एकटी राहायचे. मध्ये अर्ध्यापाऊण तासाचं अंतर. वीस वर्षं तिनं अंगणवाडीत झाडलोट केली, खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली. गाणीसुद्धा तीच शिकवायची, पण पोरं सेविकेला बाई म्हणायची आणि हिला मावशी. त्या सेविका आता निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी जायचं तर बारावी पास पाहिजे, आणि आईचं शिक्षण लग्नाआधीच्या दहावीवर थांबलेलं. एका रविवारी ती आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "सतरा नंबरचा फॉर्म भरलाय मी. बाहीरनं बसणार बारावीला. बाकीचं बघंन मी, तेवढं इंग्रजी तुझ्याकडं."

मला हसू आलं. आनंदही झाला, पण आधी हसूच आलं.

पहिल्याच रविवारी मी तिला म्हटलं, "आई, रोज एक उतारा सोडवायचा." ती म्हणाली, "अगं, उतारा दिसला की आमी लांबनं जातो, आन तू सोडवायला लावतीस व्हय?" तिच्या डोक्यात चौकातला उतारा, भात, लिंबू आणि कुंकवाचा. नाहीतर मग तलाठ्याकडचा. मी वर्गात तो विनोद सांगून पोरांना हसवलंसुद्धा. आईवर विनोद करायची मला सवयच होती.

दर रविवारी सकाळी ती वडापच्या जीपनं यायची. पिशवीत वही, डबा आणि शेंगाची चटणी. दोन तास आमची शाळा. तिचं वाचन वाईट नव्हतं, शब्दही पटापट पाठ व्हायचे. पण दोन गोष्टी काही केल्या तिच्या डोक्यात शिरेनात. एक म्हणजे तो, ती, ते आले की क्रियापदाला लावायचा एस. "शी गो, शी कम, शी टेक." मी वैतागायचे, "एस कुठाय? एस खाल्लास का?" दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. ती उत्तर उताऱ्यात शोधायचीच नाही.

एकदा दीपगृहाच्या राखणदाराचा उतारा होता. म्हातारा, एकटा, बेटावर तीस वर्षं राहिलेला. प्रश्न होता, तो बेट सोडून का गेला नाही? उत्तर दुसऱ्या परिच्छेदात स्पष्ट होतं, जहाजांना दिवा लागतो म्हणून. आईनं लिहिलं होतं, नोबडी इज कॉलिंग हिम. त्याला कुणी बोलावत नाही.

"हे उताऱ्यात कुठं आहे?"

"नसंल. पन कुनी बोलावलंच न्हाय तर मानूस जाईल कुटं?"

मी लाल पेनानं फुली मारली. ती त्या फुलीकडं बघत म्हणाली, "मग फुडं काय झालं त्याचं?"

"पुढं काही नसतं आई. उतारा तेवढाच असतो."

"असं कसं? एवढं सांगायचं आन मधीच सोडून द्यायचं?"

त्या फुलीचा अर्थ मला फार उशिरा कळला. आजही मी तिथंच अडते. वर्षानुवर्षं वर्गांना उतारे समजावून सांगितले, पण आई समोर बसून आपल्या एकटेपणाची सही करते आणि मी ती चुकीची म्हणून खोडते, याला काय म्हणायचं?

श्रावणात मी एक नियम केला. आई आली की गप्पांत वेळ घालवायची. कुणाच्या शेळीला करडं झाली, कुणाची सून माहेरी गेली. परीक्षा जवळ येत चालली तशी माझी चिडचिड वाढली. मी म्हटलं, "आजपासून रविवारी मराठी बंद. काय सांगायचं असेल ते इंग्रजीत सांग. बोलता येत नसेल तर वहीत लिही. तेवढाच सराव होईल." तिला ते पटलंसुद्धा. एखादं वाक्य बोलायला तोंड उघडायची, थांबायची, वहीच्या मागच्या पानावर लिहायची. "टुडे जीप इज लेट." "चटणी इज लिटल स्पायसी." मला फार बरं वाटायचं. माझी पद्धत किती चालते बघा!

दिवाळी झाली. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधीच्या एका रविवारी आई जरा ओढलेली दिसत होती. म्हणजे, आता वाटतं की दिसत होती. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की ती उशिरा आली आहे आणि माझ्यापुढं पोरांच्या सराव परीक्षेच्या पेपरांचा ढीग आहे. ती खाटेवर टेकली आणि म्हणाली, "अगं, माझं जरा..."

"आई, नियम काय आहे?"

तिनं पिशवीतनं वही काढली. मग म्हणाली, "बरं. लिवूनच दावते."

त्या दिवशीचा उतारा आरोग्यावर होता. सकाळी चालायला जाण्याचे फायदे, असलं काहीतरी. शेवटी पर्सनल रिस्पॉन्स, तुम्ही तुमच्या तब्येतीची काळजी कशी घेता? आईनं बराच वेळ लावून लिहिलं आणि वही माझ्या ढिगावर ठेवली. पोरांचे पेपर तपासता तपासता मी तीही तपासली.

ती वही अजून माझ्याकडं आहे, त्यामुळं शब्द न् शब्द सांगता येईल. आय हॅव पेन इन स्टमक फ्रॉम दिवाळी. फूड इज नॉट गोइंग. आय नॉट टोल्ड एनीबडी. आय अॅम फिअर.

मी फ्रॉम खोडून वर सिन्स लिहिलं. तिसऱ्या ओळीत हॅव घातलं. फिअरचं अफ्रेड केलं. दोनापैकी दोन दिले आणि खाली इंग्रजीत शेरा मारला, छान, काळाकडं लक्ष दे. पोटात दुखतंय, अन्न जात नाही, कुणाला सांगितलेलं नाही, मला भीती वाटते, या चार वाक्यांमध्ये मला तीन चुका दिसल्या. एकही वाक्य दिसलं नाही.

दिसलं नाही असं म्हणणंही खोटंच. वाचलं होतं मी. वाचून मला कौतुक वाटलं. मला वाटलं, चला, आईला एकदाची थाप मारता यायला लागली. मी वही परत देताना तिला म्हटलं, "आई, आता जमलं बघ तुला! अगदी असंच लिहायचं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. वही उघडली, लाल अक्षरं बघितली, दोनात दोन बघितले. "व्हय," म्हणाली. मग पिशवी आवरली आणि वडापला उशीर होतोय म्हणून लवकर निघाली. डबा तिनं उघडलाच नव्हता. मी तो संध्याकाळी खाल्ला.

फेब्रुवारीत तिनं सगळे पेपर दिले. इंग्रजीच्या पेपरला केंद्रावर मीच सोडायला गेले होते. सगळ्या सतरा-अठराच्या पोरींच्या रांगेत ती इस्त्रीची साडी नेसून उभी, हातात पारदर्शक पाऊच. एका पोरीनं तिला पर्यवेक्षिका समजून बाई म्हणून हाक मारली. आई मागं वळून माझ्याकडं बघून हसली. तिला परीक्षेआधीच ते मिळून गेलं.

पेपर संपल्यावर पंधरा दिवसांत ती अंगणवाडीतच पोट धरून खाली बसली. सेविकाबाईंचा फोन आला, मी धावत गेले, तिला रिक्षात घालून सोलापूरला आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचले आणि तिला विचारलं, "मावशी, किती दिवसांपासून दुखतंय?"

"दिवाळीपास्नं."

मी डॉक्टरांसमोर तिच्यावर ओरडले. अक्षरशः ओरडले. "दिवाळीपासून? आणि मला सांगितलं नाहीस? मी काय परकी आहे?"

आई रागावली नाही. तिला खरंच नवल वाटलं होतं. ती म्हणाली, "सांगितलं की गं. तूच म्हनली हुतीस लिवून दे. लिवून दिलं की तुला. दोनात दोन मार्क दिलंस."

मला आधी काही कळेना. मग कळलं.

"तू वाचलंस," ती पुढं म्हणाली, "आन काय बोलली न्हाईस. म्हनलं, काय इशेष नसंल. असतं तर तू बोलली असतीस."

डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. नंतर बाहेर बोलावून त्यांनी मला सांगितलं की आजार पोटात सगळीकडं पसरलाय, दोन-तीन महिने आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं. म्हणजे निदान गड्ड्याच्या आसपास, असं ते म्हणाले. गड्ड्याच्या आधीच ती वही माझ्या ढिगावर आली होती, हे त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. विषाला उतारा असतो म्हणतात. मी त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून खूप शोधला, ह्याला कुठं सापडला नाही.

आईला मी माझ्याकडं आणलं. एवढी वर्षं मी तिला ये म्हटलं नव्हतं, आता ती येऊन खाटेला लागली. रविवारचा नियम मोडला. आता आम्ही फक्त मराठीत बोलायचो, शेळ्या, करडं, सुना, सगळं. मी एकेक गोष्ट दोनदा विचारून घ्यायचे. ती थकायची आणि म्हणायची, "आता किती इचारतीस!" तिच्या मनात माझ्याबद्दल काही राहिलं असेल तर ते तिनं कधी दाखवलं नाही. कधी कधी वाटतं, तिनं एकदा मला चांगलं झापायला हवं होतं.

निकाल मे महिन्यात लागला. मी मोबाईलवर तिचा नंबर टाकला. पास! इंग्रजीत त्रेचाळीस. मी मोबाईल तिच्या डोळ्यांपुढं धरला तर ती म्हणाली, "चष्मा दे." चष्मा लावून तिनं स्वतः सगळे विषय वाचले, एकेक. मग म्हणाली, "बाईंना फोन लाव. जागा भरली का इचार." जागा अजून भरली नव्हती. आई उशीवर टेकून खिडकीकडं बघत राहिली, खूश दिसत होती. त्यानंतर ती तीनच आठवडे होती. मार्कलिस्ट आणायला मी एकटी गेले.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं, निकालाच्या दुपारचं. मी तिला मऊ भात भरवत होते. दोन घास गेले होते. मी सहज विचारलं, पेपरात पर्सनल रिस्पॉन्सला काय आलं होतं? खरं म्हणजे सहज नाही, दवाखान्यातल्या त्या दिवसापासून तो प्रश्न विचारायचं मला धाडस झालं नव्हतं.

"आलं हुतं की," ती म्हणाली. "तुमच्या घरात एकमेकाची काळजी कशी घेता, असं काय तरी."

"मग काय लिहिलंस?"

तिनं डोळे मिटले आणि शाळेत पाठ म्हणतात तसं सावकाश म्हणून दाखवलं. "आय लिव्ह विथ माय डॉटर. शी टेक्स केअर ऑफ मी. शी लिसन्स टू मी एव्हरी डे." मी लेकीजवळ राहते. ती माझी काळजी घेते. ती रोज माझं ऐकते.

मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "टेक्सला एस लावला. लिसन्सला बी लावला. तू म्हनलीस तसंच केलं बघ, खरं न्हाय लिवलं. बरोबर हाय न्हवं?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. बरोबर होतं. अर्धा मार्कसुद्धा कापायला कुठं जागा नव्हती.